काकूंचे ‘ते’

मोटारगाडीविषयी ज्यांचा शब्द शेवटचा मानावा अशा दोनच व्यक्ती माझ्या माहितीत आहेत. त्यांपैकी एक इंग्लंडमध्ये राहते आणि सगळ्या जगाला टीव्हीवर दिसते. दुसरी ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात आमच्या समोरच्या घरात राहते, आणि माझी तिची ओळख झाली तेव्हा तिला गाडी चालवता येत नव्हती. या दुसऱ्या व्यक्तीला आम्ही काकू म्हणतो. पुण्याच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मुलाकडे कायमच्या राहायला आल्या. २०१२ साल असावे. मुलगा आणि सून दोघेही संगणकाच्या नोकरीत. सकाळी नातीला घेऊन दोन्ही गाड्या मोटरवेच्या दिशेने निघून गेल्या की त्या नव्याकोऱ्या वसाहतीत, जिथे घरे मोठी, रस्ते रुंद आणि माणूस औषधालाही सापडत नाही, काकू एकट्या उरत. कोपऱ्यावरचे दुकान, ज्याला इथे डेअरी म्हणतात, तेसुद्धा चालत जाण्याच्या अंतरावर नव्हते. अशा वेळी त्यांनी टीव्ही लावला आणि त्यात त्यांना ‘ते’ सापडले.

हे ‘ते’ कोण, हे समजायला मला काही आठवडे लागले, आणि त्या आठवड्यांत मी काकूंच्या प्रकृतीविषयी फार चिंतेत होतो. पहिल्याच भेटीत माझ्या जुन्या करड्या गाडीकडे पाहून त्या म्हणाल्या, “काल ते सांगत होते, अशी गाडी घेणाऱ्याला जेवणात मीठसुद्धा जास्त वाटत असेल.” काकूंचे यजमान पुण्यातच वारल्याचे मला त्यांच्या मुलाकडून कळले होते. मराठी घरात वाढलेल्या माणसाला, वयस्कर बाईने नाव न घेता उच्चारलेल्या ‘ते’चा एकच अर्थ ठाऊक असतो. मी गंभीरपणे मान डोलावली. पुढच्या भेटीत ते आफ्रिकेतल्या कुठल्याशा वाळवंटात अडकले होते. त्याच्या पुढच्या भेटीत ते एका मंत्र्याला तोंडावर वेडा म्हणाले होते. तेव्हा मात्र मी मुलाला बाजूला घेतले आणि जमेल तितक्या हळू आवाजात विचारले, काकूंना कुणा डॉक्टरांना दाखवले आहे का. तो हसता हसता कुंपणाला टेकला. “अहो, टीव्हीवरचा तो गोरा. गाड्यांचा कार्यक्रम करतो ना, तो. आईला त्याचं नाव नीट उच्चारता येत नाही. चुकीचं घेण्यापेक्षा घेऊच नये, असं तिचं मत.”

त्या गृहस्थांच्या कारकिर्दीचा काकूंइतका सखोल अभ्यास खुद्द त्यांच्या आईने केला असेल की नाही, शंका आहे. ते फक्त गाड्यांचे परीक्षण करतात अशी माझी बाळबोध समजूत होती. काकूंनी मला सांगितले की त्यांनी मुलाखतींचा कार्यक्रम केला आहे, युरोपातल्या देशांची टर उडवत प्रवासवर्णने केली आहेत, जुन्या युद्धांवर माहितीपट केले आहेत, आणि पूल, बोगदे व इंजिने बांधणाऱ्या माणसांवर एक मालिका केली आहे जी पाहून काकूंच्या डोळ्यांत पाणी आले होते. मात्र काकूंचा आदर सरसकट नसे. प्रत्येक कार्यक्रमानंतर तो नव्याने तपासला जाई आणि व्याकरणात उतरे. पुलांच्या मालिकेत ते ‘ते’ असत. मुलाखतींत ‘तो’ होई: “दुसऱ्याला बोलूच देत नाही तो. माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता.” एखाद्या देशाच्या लोकांविषयी वावगे बोलल्यास ‘तो’च्याही खाली जाऊन ‘ते कार्टं’ होई, आणि नंतर एखाद्या इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकताना दिसला की पुन्हा सन्मानाने ‘ते’ होऊन परत येई. एकाच संध्याकाळी माणसाला तीन पायऱ्या चढवणारी आणि उतरवणारी अशी न्यायव्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हळूहळू काकू स्वतःही निकाल देऊ लागल्या. शनिवारी सगळे मराठी लोक सँडरिंगहॅमला किराणा आणि मिठाई घ्यायला जातात. तिथल्या रस्त्यावर एका गृहस्थांनी आपली भलीमोठी नवी गाडी कौतुकाने काकूंना दाखवली. काकूंनी तिला एक प्रदक्षिणा घातली. “छान आहे,” त्या म्हणाल्या. “उभी असताना तर फारच छान.” विजेवर चालणाऱ्या एका गाडीत बसून आल्यावर म्हणाल्या, “आली कधी, गेली कधी, कळलंच नाही. पाहुणा असा नसावा.” लोक दुखावत, आणि तरीही गाडी घेण्याआधी काकूंना विचारून जात. मी इंजिनीअर आहे, ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात यंत्रांचे भाग तपासण्यातच माझे आयुष्य चालले आहे. पण एखाद्या वस्तूविषयी इतक्या थोड्या शब्दांत इतके खरे बोलणे मला कधी जमले नाही. मी त्यांच्यापुढे नुसता थक्क होऊन उभा राहत असे.

एका संध्याकाळी त्या आमच्या दाराशी आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, “मला गाडी शिकायची आहे. लेखी परीक्षा पास झालेय. मुलगा म्हणतो, या वयात कशाला. तुम्ही शिकवाल?”

मी काहीतरी चाचरत म्हणालो, की तो इतका प्रेमाने सगळीकडे नेतो, मग…

“नेतो हो. ‘मला सोडशील का’ म्हटलं की कधी नाही म्हणत नाही. पण आधी घड्याळ बघतो.”

मी होकार दिला. शनिवारी सकाळी आमच्या कारखान्यामागचे रस्ते रिकामे असतात, तिथे आमचे शिक्षण सुरू झाले. गतीची एवढी मोठी भक्त प्रत्यक्षात गाडी किती हळू चालवू शकते, याची मला कल्पना नव्हती. हातांनी त्या स्टिअरिंगचे चक्र घट्ट धरत आणि तोंडाने परीक्षण चालू ठेवत: “सीट बरी आहे. चक्राला काही बोलायची इच्छा दिसत नाही.” मी म्हणे, “काकू, थोडा वेग घ्या.” “घेतलाय,” त्या म्हणत. एकदा धावायला निघालेल्या एका माणसाने आम्हाला मागे टाकले आणि जाता जाता “किआ ओरा”, म्हणजे माओरी भाषेतला नमस्कार, म्हणाला. काकूंनीही तितक्याच आदराने “किआ ओरा” म्हटले, आणि तो पुढच्या वळणावर दिसेनासा झाला.

गाडी चालवून दाखवायच्या पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. परीक्षक भला माणूस होता. प्रत्येक सूचना पाळली की “स्वीट ॲज” म्हणे, म्हणजे इथल्या बोलीत ‘उत्तम’, आणि काकू दर वेळी वाट पाहत की कशासारखे गोड ते तो आता सांगेल. शेवटी त्याने निकाल सांगितला: इतक्या हळू गाडी चालवणे इतरांना धोक्याचे आहे. परतताना काकूंनी रस्त्यावरच्या एकाही गाडीविषयी शेरा मारला नाही. माझ्या गाडीविषयीही नाही.

त्याच सुमारास त्यांच्या ‘त्यां’चाही कार्यक्रम गेला. कुणाशी तरी खटका उडाला होता आणि चूक त्यांचीच असल्याचे सगळे सांगत होते. मी समोरच्या घरी चहाला बसलो असताना मुलाने थट्टेने म्हटले, “आई, बघ, तुझ्या त्याला काढलं शेवटी.”

“त्याला नाही. त्यांना.”

“परवा तर तूच ‘तो’ म्हणत होतीस.”

“परवा ते नोकरीत होते,” काकू म्हणाल्या. “चूक असेल तर शिक्षा व्हायलाच हवी. पण पडलेल्या माणसाला अरेतुरे करायचं नाही.”

त्यानंतर काकूंनी टीव्ही लावणे सोडले आणि शनिवारी सकाळी माझ्याकडे येणेही. मुलगा मला हळूच म्हणाला, “बरं झालं, डोक्यातून गेलं.” मला तसे वाटत नव्हते, पण ते बोलून दाखवण्याइतके धैर्य मला नव्हते. असे वर्षाहून अधिक गेले. मग एके दिवशी नातीने लॅपटॉप उघडून दिला: “आजी, लुक, ही इज बॅक.” नवा कार्यक्रम, नवी वाहिनी, माणूस तोच. दुसऱ्याच शनिवारी काकू दारात उभ्या. “पोट सुटलंय, केस गेलेत,” त्या म्हणाल्या. “पण आले परत. चला.”

त्या दिवशी एका गोल चौकाशी त्या इतका वेळ थांबल्या की मी न राहवून विचारले, नेमकी भीती कशाची वाटते.

“उजवीकडची,” त्या म्हणाल्या. “यांच्या स्कूटरवर मी सगळा संसार मागे बसून केला. साडीत, एका बाजूला पाय सोडून. सगळं पुणं मी डाव्या बाजूनं पाहिलंय. उजवीकडे काय आहे ते यांनी बघायचं. त्यामुळे तिकडून काही येतं, हेच मला खरं वाटत नाही, आणि आलं की दचकते.”

त्यानंतर मी “वेग घ्या” म्हणणे बंद केले. प्रत्येक चौकाला फक्त सांगत राहिलो: “उजवीकडे काही नाही.” “उजवीकडे ट्रक आहे, लांब आहे.” काही शनिवारांनंतर त्या माझ्याआधी सांगू लागल्या. मग दोघेही काही बोलेनासे झालो, आणि काटा आपोआप पन्नासवर जाऊ लागला. दुसऱ्या परीक्षेत त्या पास झाल्या.

एकटीने गाडी नेण्याच्या पहिल्या दिवशी मुलगा, सून, नात आणि मी असे सगळे फाटकाशी उभे होतो. मुलाने चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि चावीवरचा आपला हात लगेच काढला नाही. “आई, कुठे जाणार ते तरी सांग.” काकूंनी सांगितले नाही. गाडी वळणाआड गेली. मुलगा फोन हातात धरून अंगणात येरझाऱ्या घालत राहिला, नात म्हणाली, “बाबा, चिल.” बऱ्याच वेळाने गाडी परत आली, ओळीत, नीट लागली. काकू उतरल्या.

“कुठे गेली होतीस?”

“कुठे नाही. नुसती गेले,” काकू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मुलाने फोन खिशात घातला.

आता २०१९ संपत आले आहे. काकूंची स्वतःची लहानशी गाडी आहे, आणि ती दारात क्वचितच दिसते. कुणाला दवाखान्यात सोड, कुणाच्या नव्याने आलेल्या आईला देवळात ने, अशी त्यांची दिवसभर धावपळ चालते. त्या गृहस्थांनी आता प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम घेतला आहे. काकूंना तो पाहायला सवड होत नाही. मी मात्र, कधी गाड्यांची आवड नव्हती तरी, तो चुकवत नाही. एखाद्या संध्याकाळी काकू फाटकाशी काच खाली करून थांबतील आणि ‘त्यां’ची चौकशी करतील, तेव्हा माझ्यापाशी सांगायला काहीतरी असावे.