माझ्या रक्ताची बातमी

डॉक्टरांनी अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली आणि सभागृहाला म्हणाले, "हे बघा. मागच्यांना दिसतंय का?"

मागच्या रांगेतले दोघंतिघं उभे राहिले. एकानं मोबाइल वर केला. माझ्या हातात पाण्याचा जग होता, तो खाली ठेवायलाही सुचलं नाही. तसाच धरून उभी राहिले. डोळ्यातून पाणी गळायला लागलं. रडत नव्हते मी. पापणी ओढली की पाणी येतंच.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत परिचर आहे. काचसामान धुते, सूक्ष्मदर्शक पुसते, प्रॅक्टिकलची मांडामांड करते. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, तिथंच असं होतं.

आमच्याकडे महिन्यातल्या एका रविवारी विज्ञान सभा भरते. गावातले निवृत्त अधिकारी, मास्तर, व्यापारी, कॉलेजची मुलं, कोणीही यावं. जगात नवीन काय शोध लागला ते डॉक्टर सोप्या भाषेत सांगतात. त्यांचा दवाखाना मोठा, संस्थेत वजन आहे. त्या फेब्रुवारीतल्या रविवारी ते सिकलसेलवर बोलत होते. या आजारावर परदेशात नवीन उपचार निघालाय, माणसाच्या हाडातल्या पेशी बाहेर काढतात, त्यातला आनुवंशिक मजकूर दुरुस्त करतात आणि परत अंगात सोडतात. फार सुंदर सांगत होते. मी पाणी भरायला स्टेजवर गेले, आणि ते म्हणाले, "गंमत अशी की ही बातमी ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या डोक्यावरून जाणार." मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"बाई, तुम्ही कोणत्या समाजाच्या?"

"बौद्ध," मी म्हणाले.

"ते झालं. आधीचे कोण ते सांगा. वैद्यकीय दृष्टीनं महत्त्वाचं आहे. लाजू नका."

मी सांगितलं. माझ्या आजीनं जे नाव दीक्षेच्या वेळी टाकून दिलं होतं, ते मी माइकसमोर उचललं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"बरोबर. यांच्यात आणि आदिवासींत हा आजार फार. आपापसात लग्नं करतात, सांगून ऐकत नाहीत." मग पापणी. "पांढरीफटक. रक्तच नाही." मग त्यांनी खिशातून रुमाल काढून अंगठा पुसला. "ठीक आहे बाई, जा. चहाचं बघा."

मी गेले. चहाचं पाहिलं. साखर किती टाकली तेही मला आज आठवतं. इतकं नीट केलं सगळं.

आता जे मी त्या दिवशी बोलले नाही ते सांगते. मला सिकलसेलचा आजार नाही. मी वाहक आहे. मुलगा पोटात होता तेव्हा नर्सबाईनं रक्त तपासून तसं कार्ड दिलं होतं. वाहक म्हणजे रक्तात ती खूण आहे, पण माणूस एरवी धडधाकट. लग्न ठरवताना आणि मूल होताना तेवढं माहीत हवं. डॉक्टरांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी जात विचारली.

लोकांना वाटतं, मला आधीपासून त्या माणसाचा राग असेल. नव्हता. मी त्यांची सभा एकदाही चुकवली नाही. दाराला टेकून उभी राहायची आणि कानात सगळं साठवायची. दुसऱ्या दिवशी आमच्या वस्तीतल्या नळावर बायका माझी वाट पाहत. शेजारची कमलाबाई घागर खाली ठेवून विचारायची, "काय सांगतलं वं काल तुह्या डॉक्टरनं?" आणि मी सांगायची. चंद्राच्या दक्षिण टोकाकडं आपलं यान उतरलं ते सांगितलं, तेव्हा कमलाबाई म्हणाली, "तिथं पाणी हाय म्हणते ना? मंग आपल्या नळाले का झालं?" नळावर सगळ्या हसल्या. मीही हसले. मला वाटायचं, डॉक्टर आणि मी एकच काम करतो. ते तिकडे सांगतात, मी इकडे.

त्या रविवारनंतर नळावर मी गप्प राहिले. कमलाबाईनं विचारलं तर म्हणाले, "काल सभा नाही झाली."

खोटं बोलले. पण ते खोटं मला छळत नाही. दुसरंच छळतं.

त्या सभेला वनिता आली होती. अकरावी सायन्सची मुलगी. पांढरकवड्याच्या बाजूच्या एका पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली. होस्टेलवर राहायची. प्रयोगशाळेत सगळ्यात शेवटी ती निघायची, काचेच्या नळ्या जागच्या जागी ठेवून. मला ताई म्हणायची. सभा संपल्यावर ती चहाच्या टेबलापाशी आली. चहा घेतला नाही. आजूबाजूला कोणी नाही पाहून हळूच म्हणाली, "ताई, तुमाले बी हाय का?"

'बी' म्हणाली ती. तुम्हालाही. मला कळलं. तिथंच, त्या क्षणाला कळलं. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा मी आधी पाहिलेला होता. थंडीत तिचे हातपाय धरायचे तेही पाहिलेलं होतं. मी तिला जवळ घेऊन म्हणू शकत होते की बाळा, मी वाहक आहे, तुझं काय आहे सांग. पण माझ्या अंगाची आग होत होती. आजूबाजूचे लोक माझ्याकडे पाहत आहेत असं वाटत होतं. अजून कोणी मला त्या शब्दासोबत पाहायला नको होतं.

मी म्हणाले, "काही नाही. जाय तू."

ती गेली.

मार्चच्या शेवटी प्रॅक्टिकल परीक्षा होती. ऊन चढलं होतं. पंखा एकच चालू. वनिता टेबलाची कड धरून उभी होती, ओठ सुकलेले. मी स्टूल नेऊन दिलं. सर म्हणाले, "परीक्षेच्या दिवशीच बरं यांना सगळं होतं." ती स्टुलावर बसली नाही. मी विचारलं, काय होते. म्हणाली, "काही नाही ताई. पाय दुखून राह्यले."

माझाच शब्द तिनं मला परत दिला. काही नाही.

होस्टेलवर ती तीन दिवस पडून होती. अंगदुखीच्या गोळ्या खात राहिली. ताप आहे म्हणाली, उन्हाचा असेल म्हणाली. चौथ्या दिवशी छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना, तेव्हा मुलींनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथंही तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिचं सामान बांधायला मी गेले. बायोलॉजीच्या जर्नलला खाकी कव्हर होतं. त्या कव्हराच्या आत, घडी करून, तिचं सिकलसेलचं कार्ड होतं. वाहक नाही. रुग्ण.

तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, आधी ती ते कंपासपेटीत ठेवायची, कोणाला लागलं तर दिसावं म्हणून. फेब्रुवारीनंतर लपवलं.

तिचे वडील आले होते. बारीक माणूस, पायात रबरी चपला, डोक्याला गमछा. कार्ड हातात घेऊन त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. मग मला म्हणाले, "बाई, हे दाखवासाठीच तं देल्लं होतं. दवाखान्यात दाखवलं काहून नसंन तिनं?"

माझ्याकडे उत्तर होतं. मी मान खाली घातली.

कार्ड दाखवलं असतं तर ती वाचलीच असती असं मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता यायचं नाही. पण ती विचारायला आली होती, माझ्याकडे. एवढ्या मोठ्या गावात ती एका माणसाला विचारायला आली होती, आणि त्या माणसानं तिला जाय म्हटलं.

उन्हाळाभर मी प्रयोगशाळेत एकटी असायची. सुट्ट्या लागल्या होत्या. तिच्या टेबलापाशी झाडू मारताना मी उगाचच सावकाश मारायची. कोणी मागून ताई म्हटल्यासारखं व्हायचं. वळून पाहायची नाही, कारण कोणी नसणार हे माहीत होतं आणि नसलेलं पाहायचं नव्हतं. घरी मुलाच्या पायाला मुंगी चावली तरी मी त्याचे डोळे उजेडात धरून पाहायची. नवरा म्हणायचा, त्याची तपासणी झालेली हाय, त्याच्या रक्तात काई नाही निंगालं, आता पुरे कर. माझं पुरे होत नव्हतं.

एक दिवस स्लाइडची पेटी पुसायला काढली. तीत सिकलसेलच्या रक्ताची एक स्लाइड होती. किती वर्षं मी ती पुसत होते, कधी पाहिली नव्हती. परिचरानं सूक्ष्मदर्शक पुसायचा असतो, त्यातून पाहायचं नसतं, असं कोणी सांगितलं नव्हतं. मीच तसं धरून चालले होते. त्या दिवशी दार लोटलं, स्लाइड लावली आणि डोळा टेकवला.

गोल गोल पेशी, आणि त्यांच्यामध्ये वाकड्या, टोकदार. विळे. आमच्या बायका सोयाबीन सोंगायला जे विळे नेतात, तसेच्या तसे. मी पाहतच राहिले. हे अडकत होतं तिच्या पायात. हे अडकलं तिच्या छातीत. आणि सरांना वाटलं, नाटक करते.

मग मी वाचायला लागले. कॉलेजच्या लायब्ररीत मराठीतली दोन पुस्तकं होती, आरोग्य खात्याच्या पुस्तिका होत्या. त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं की ही खूण ज्यांच्या रक्तात आईबापांपैकी एकाकडूनच येते, त्यांना जिवावरचा हिवताप सहसा होत नाही. म्हणून जिथं पिढ्यानपिढ्या हिवतापाचं रान होतं, तिथल्या माणसांत ती टिकली. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आमची माणसं रानात, चिखलात, गावाबाहेर ठेवली गेली. तिथं मच्छर होते, ताप होता. त्या तापातून जी जगली, त्यांचं हे रक्त. याच रक्ताचं नाव घेऊन मला स्टेजवर उभं केलं. हे डॉक्टरांना माहीत असणारच. त्यांनी ते सांगितलं नाही. लग्नाचं सांगितलं.

त्या दिवशी पहिल्यांदा मला राग आला. तोपर्यंत नुसती लाज होती.

ऑगस्टमधल्या सभेच्या आधी प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "डॉक्टरसाहेब त्या मुलीच्या केसवर बोलणार आहेत. जनजागृती म्हणून. तुम्ही स्टेजजवळ थांबा, गरज पडली तर."

मी दाराशी थांबले. डॉक्टर बोलत होते, "अज्ञान, दुसरं काही नाही. हाताशी कार्ड असून एक सुशिक्षित मुलगी ते दाखवत नाही." मग त्यांनी हात केला. "या बाई, पुढे या."

"मी नाही येत," मी म्हणाले.

"लाजताय कशाला? विज्ञानासाठीच आहे."

"लाजत नाही, साहेब. मी येत नाही."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मी चौकट धरली. बोलताना माझी घरचीच भाषा निघाली.

"मी वाहक हाय. मले आजार नाही. त्या दिवशी तुमी जात इचारली, कार्ड इचारलं नाही. वनिता त्याच दिवशी इथं बसेल होती. तुमी माही पापणी ओढली ते तिनं पाह्यलं, अन् होस्टेलवर जाऊन कार्ड लपवलं. तिले सगळं समजत होतं. आपलंबी असंच करतीन, हेबी समजलं होतं. आन् ती मले इचाराले आलती, तं मी तिले हाकललं. तो गुन्हा माहा हाय. तुमचा कोणता हाय, ते तुमी सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला. मग प्राचार्यांकडे पाहून म्हणाले, "अशानं सभेची पातळी राहत नाही."

मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले. त्या दिवशी चहा दुसऱ्या कोणी केला असेल.

सोमवारी पत्र मिळालं. सभेची शिस्त मोडल्याबद्दल लेखी माफी द्यावी. मी दिली नाही. मला प्रयोगशाळेतून काढून भांडारात बसवलं, तिथं मोडक्या खुर्च्या आणि जुने पेपर आहेत. रविवारच्या सभेला यायची मनाई आहे. नोकरी कंत्राटी आहे. पुढच्या वर्षी राहील की नाही, सांगता येत नाही. नवरा म्हणाला, झालं समाधान? मी म्हणाले, नाही.

नळावर मी पुन्हा बोलायला लागले. यावेळी सिकलसेलच. कमलाबाईनं सगळं ऐकलं आणि दोन दिवसांनी आपल्या नातीला घेऊन तपासणीला गेली. बाकीच्या अजून कुजबुजतात की मला लागण आहे.

दिवाळीनंतर मी वनिताच्या पोडावर गेले. एसटीनं पांढरकवडा, पुढं काळीपिवळी जीप, पुढं पायी. तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही, घरात निघून गेली. वडील बाजेवर बसले होते. मी त्यांना सभेतलं सगळं सांगितलं, वनिताला मी काय म्हणाले तेही. ते ऐकत राहिले. माफ केलं म्हणाले नाहीत. मी माफी मागितलीही नव्हती.

मग मी नव्या उपचाराची बातमी सांगितली, जशी आहे तशी. पोडावरच्या चारपाच बाया येऊन बसल्या होत्या. वडिलांनी विचारलं, "हे औषद आमच्यापर्यंत कधी येईन?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "लय महाग हाय. येईन का नाही, तेबी माहीत नाही."

"मंग कायले सांगून राह्यली आमाले?"

"तुमच्या रक्ताची बातमी हाय म्हणून. दुसऱ्याले माहीत अन् तुमाले नाही, असं नाही चालत."

एका बाईनं तिच्या मुलीला माझ्यापासून दूर ओढलं. संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून मी निघाले. पुढच्या महिन्यात कोणी बसलं नाही तरी मी त्या पोडावर जाणार आहे. त्याच्या पुढच्या महिन्यातही जाणार आहे. नोकरी गेली तर रोज जाईन. डॉक्टरांसारख्यांना जे कळलंय ते आम्हा सगळ्यांना कळेपर्यंत मी बोलणार आहे, आणि त्यासाठी कोणाच्या स्टेजची परवानगी मागणार नाही.