आईच्या दुकानातलं गिऱ्हाईक

हे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय—नीट जमेल की नाही, माहीत नाही.

नारपोलीत आईचं 'हर माल पाच रुपये'चं दुकान होतं. कंगवे, गाळण्या, केसांचे चाप, प्लास्टिकचे डबे. शेजारी दिवसभर कापडाचे लूम धडधडायचे, म्हणून ती मोठ्यानेच बोलायची. गिऱ्हाइकांशी हिंदीत. माझ्याशी मात्र आमच्या आगरीत—"बाय, जेवलीस का न्हाय?" माझ्या इंग्रजी शाळेची फी या दुकानातूनच जायची. आणि शाळेत मी काय सांगितलं होतं? आई घरीच असते.

नववीत होते. एका शनिवारी मी दुकानात चापांचा ढीग लावत होते, तर वर्गातली रेश्मा तिच्या मम्मीबरोबर आत आली. वाढदिवसाला वाटायला कंपासपेट्या हव्या होत्या.

"इतने सारे लेंगे, चार में दो ना," मम्मी म्हणाल्या.

"फिर तो बोर्ड नया बनाना पड़ेगा, भाभी!" आई हसली.

तेवढ्यात रेश्माने मला पाहिलं. "अरे, तू इधर?"

आई कौतुकाने माझ्याकडे वळली. ती आता काय सांगणार, ते मला कळलं होतं—म्हणून घाई केली. हातातला चाप तिच्यापुढे धरला. "ये कितने का है?"

जिथे सगळंच पाचाला, तिथे भाव कोण विचारतं? अगदी परकं माणूसच ना?

आईने माझ्या हातातून चाप घेतला. मग म्हणाली, "सब पाँच का है, बेबी."

माझ्याशी हिंदीत बोलली ती. जन्मात पहिल्यांदा. चाप कागदात गुंडाळून दिला—मी घेतला. आणि रेश्माशी गप्पा मारत कोपऱ्यापर्यंत गेले. मागे वळून पाहिलं का? नाही.

घरी तिने विषय काढला नाही. रागावलीही नाही. फक्त त्यानंतर चारचौघांत मला कधी हाक मारली नाही. लग्नात, बाजारात—मी स्वतःहून जवळ जाईपर्यंत लांब उभी राहायची. मला ते कळत होतं. मी कितीदा तशीच पुढे गेले—

गेल्या वर्षी ती दवाखान्यात होती. शेवटचे दिवस. नर्सने विचारलं, "मावशी, ही कोण तुमची?"

आई माझ्याकडे बघत राहिली.

"मुलगी," मी म्हणाले.

तेव्हा कुठे तिने मान हलवली.