हेडबाई आणि मौनीचं पॅकेज

ऑफिसात त्यांना सगळे हेडबाई म्हणत. वय अवघं चौतीस, पण दुसऱ्याची चूक खड्यासारखी बरोबर त्यांच्याच दाताखाली यायची, आणि आली की गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. काम घरूनच चाले. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्यांचा कॉम्प्युटर आणि दुसऱ्या टोकाला सासूबाई मटार सोलत. त्यामुळे ऑफिसच्या सगळ्या मीटिंगा सासूबाईंच्या कानांवरून जात.

हेडबाईंनी केलेला प्रोग्राम मोठा गुणी. पुस्तक दिलं की मोठ्यानं वाचून दाखवायचा. अंध मुलांच्या शाळेसाठी होता तो. खोड एकच: वाक्य संपलं तरी थांबायचा नाही, पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा सुटायचा. त्यावर इलाज मौनीनं केला. मौनी म्हणजे त्यांचा सहकारी, दिवसाकाठी चार शब्द बोलेल तर शपथ. त्यानं वर्षभर खपून आवाजाचं एक पॅकेज, म्हणजे फाइलींचा गठ्ठा, तयार केलं होतं. त्यातली मुख्य फाइल सामायिक. बिल्डिंगमधलं मोठं पातेलं एका घरी ठेवलेलं असतं, ज्याला लागेल तो मागून नेतो, तशीच ही. ज्या प्रोग्रामला बोलायचं असेल त्यानं हिच्याकडून आवाज मागून घ्यावा. पॅकेजच्या नव्या आवृत्तीत पूर्णविरामापाशी थांबायची सोयही आली होती.

आज चार वाजता शाळेच्या बाई ऐकायला बसणार होत्या, आणि प्रोग्राम सकाळपासून हटून बसलेला. प्रोग्राम बांधून तयार होताना सगळं सुरळीत व्हायचं. चालवायला गेलं की विंडोज पाटी पुढे करायचं: मागितलेलं काम या फाइलीत सापडलं नाही.

"काय हरवलंय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबायचं काम, आई. मौनीच्या फाइलीत ते नाहीच म्हणतंय."

"मग घालायला विसरला असेल."

"तेच तर म्हणतेय मी!"

आणि दहाच्या मीटिंगमध्ये त्यांनी ते सगळ्यांसमोर म्हटलंही. साहेब वैतागले. "तीनपर्यंत चाललं नाही तर त्याचं पॅकेज काढून टाका. बाजारातलं तयार घेऊ, कायमचंच."

वर्षाची मेहनत एका वाक्यात उकिरड्यावर निघाली होती. मौनी एवढंच म्हणाला, "माझ्याकडे चालतंय."

हेडबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझ्याकडे चालतंय ना? मग शाळेच्या बाईंना तुझ्या घरचा पत्ता देते. चहा ठेव!"

सगळे हसले. मौनी हसला नाही.

मग हेडबाई पदर खोचून कामाला लागल्या. पॅकेज काढलं, पुन्हा घातलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं.

"चौथ्यांदा तेच करतेयस का गं?"

"नाही आई, आता नीट करतेय."

प्रोग्राम एका मापाचा आणि फाइल दुसऱ्या मापाची, डब्यावर भलतंच झाकण, असं तर नाही ना, तेही पाहिलं. मापं जुळत होती. विंडोजनं फाइली कुठकुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची एक यादी असते, तिच्यात मौनीचं फोल्डर उचलून सगळ्यांत वर चढवलं. पाटी ढिम्म हलली नाही. आता हेडबाईंची खात्रीच पटली, की दोष त्या मौनीचाच.

दोनच्या सुमाराला त्याचा फोन आला. "तुमचा प्रोग्राम फाइल उचलतो कुठून?"

"कुठून म्हणजे? तू दिलीस तिथून!"

"पाहिलंत?"

"थांब, पुरावाच धाडते तुला."

फोन आपटून त्यांनी एक साधन सुरू केलं. प्रोग्राम उघडताना कोणकोणती फाइल कुठल्या पत्त्यावरून आणतो, ते हे साधन ओळीनं सांगतं. हेडबाई बोट टेकवत खाली गेल्या. बोट थांबलं. मौनीच्या फाइलीचं नाव होतं, पण पत्ता मौनीच्या फोल्डरचा नव्हता. तो त्यांच्याच प्रोग्रामच्या फोल्डरचा होता. तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

गेल्या खेपेला घाईत, तात्पुरती म्हणून, थांबायची सोय नसलेली जुनी फाइल त्यांनीच हातानं तिथे आणून ठेवली होती आणि साफ विसरल्या होत्या. विंडोज आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या घरात डोकावतं. तिथे त्या नावाचं कुणी भेटलं की दुसऱ्याच्या दारात जातच नाही. मौनीचं नवं पॅकेज सकाळपासून चार वेळा आलं होतं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी जुनी फाइल पुसली. प्रोग्राम उघडला, एक वाक्य वाचलं, थांबला, मग दुसरं वाचलं.

एवढ्यात साहेबांचा फोन. "चाललं? शाब्बास! शेवटी त्याचं पॅकेज तुम्हीच दुरुस्त केलंत म्हणायचं! तरी उद्यापासून काढूच ते. दर वेळी कोण निस्तरणार?"

नुसतं "बरं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला काय कळणार होतं? हेडबाई घुटमळल्या.

"सगळ्यांना दोन मिनिटं बोलवा," त्या म्हणाल्या आणि कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीकडे निघाल्या.

"आत कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळी आरडाओरडा इथेच केलास ना? मग हेही इथेच होऊ दे. माझे मटारही संपलेत."

हेडबाई परत बसल्या. सगळे आल्यावर त्यांनी जमिनीकडे बघत सांगून टाकलं, "पॅकेज ठणठणीत आहे. घाण माझ्या फोल्डरात होती, मीच केलेली. आणि सकाळी मी नको ते बोलले."

"म्हणजे पॅकेज राहू दे म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"राहू दे. आणि आज बाईंना तोच दाखवेल."

"मी?" मौनी दचकला. "बोलू काय?"

"पुस्तक बोलेल. तू बटण दाब."

चार वाजता शाळेच्या बाई जोडल्या गेल्या. स्वतः अंध, मान कलती करून ऐकणाऱ्या. मौनीनं बटण दाबलं. पानभर वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "श्वास घेतंय की हो हे! हे थांबणं कुणी घातलं?"

हेडबाईंच्या अगदी ओठांवर उत्तर आलं होतं, ते त्यांनी मोठ्या कष्टानं गिळलं आणि वाट पाहिली.

"मी," मौनी म्हणाला.