अडकलेल्या सीड्या

लॅपटॉप उघडून परत बंद केला की टेबलावर एखादा स्क्रू उरतोच. चामोर्शीच्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात किस्सेही असेच उरतात. फेकवत नाहीत, आणि कुठे बसवायचे तेही कळत नाही.

दुकान सुधाकरभाऊंचं, मी त्यांच्या हाताखाली. एका दसऱ्यानंतर पतसंस्थेतले एक बाबू लॅपटॉप घेऊन आले. सीडी चालत नव्हती. ड्राइव्हचा ट्रे ओढला, तर आत हळद, कुंकू आणि अक्षता! यंत्राची पूजा त्यांनी आतून केली होती. लेन्सवरचं कुंकू पुसता पुसता भाऊ म्हणाले, "बाबूजी, पुढच्या साली नमस्कार दुरूनच करजा."

मग भाऊंनी नियमच केला. ड्राइव्ह बिघडली की उपटायची आणि त्या जागी जादा हार्ड डिस्क बसवायची. "सीडी पाहते कोन आता?" म्हणत त्यांनी अर्ध्या तालुक्याच्या ड्राइव्ह काढल्या.

त्यात झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी वाजवणारे एक गृहस्थ होते. लॅपटॉप पळायला लागला म्हणून खूश होऊन गेले, आणि पिशवीभर सीड्या घेऊन परत आले. सगळ्या त्यांच्याच नाटकांच्या. आता कोणतीच मंडळी त्यांना बोलवत नव्हती. लॅपटॉपच्या बुजलेल्या कडेवर बोट फिरवत त्यांनी विचारलं, "भाऊ, आता ह्या टाकू कुठी?"

त्यांची ड्राइव्ह तोवर भंगारात गेली होती. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून जुन्या ड्राइव्ह एका खोक्यात जमा व्हायला लागल्या.

मार्कंडा गावचे नामदेवजी आले ते त्यानंतर. नदीवर मासे धरणारा माणूस. लेकीचा जुना लॅपटॉप, आणि त्यात अडकलेली साळ्याच्या लग्नाची सीडी. ड्राइव्ह नुसती कटकट करायची. त्यांची बायको उन्हाळ्यात वारली होती. तिचे फोटो होते, पण चालतीबोलती ती या एकाच सीडीत. "तुटू देऊ नका जी," एवढंच ते म्हणाले.

भाऊंनी ट्रेच्या बारीक भोकात पिन घालून सीडी अलगद सोडवली. खोक्यातली पहिली ड्राइव्ह जाड निघाली, शिरेचना. दुसरी बसली. सीडी लागली.

पण अख्ख्या लग्नात ती बाई दिसेचना. कॅमेरा आला की तोंडावर पदर, नाहीतर पाठ. भाऊ पुढे पुढे ढकलत होते, मी खाली बघत होतो.

पंगत आली. पडद्यावर नामदेवजी पाहुण्यांशी गप्पा मारत उभे, आणि कॅमेऱ्यामागून कोणी बाई विचारते, "जेवले का जी?"

"तिचाच आवाज," नामदेवजी म्हणाले.

भाऊंनी मागे नेऊन पुन्हा लावलं. "जेवले का जी?" पडद्यावरचे नामदेवजी गप्पांतच, वळूनही बघत नाहीत.

स्टुलावरचे नामदेवजी लॅपटॉपकडे वाकले.

"जेवलो वं," ते म्हणाले.