गयामावशींच्या हातातली थरथर

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. मी बीडमध्ये डायलिसिस टेक्निशियन आहे.

आष्टीकडच्या गयामावशी आठवड्यातून दोनदा येतात. त्यांना लघवी होत नाही. मागच्या खेपेला वजन चार किलो वाढलेलं, म्हणजे सगळं पाणीच. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "मावशी, पाणी पिऊन मरायचंय का?"

आज त्या काट्यावर चढल्या आणि हसल्या. "बघा सर, वजन उलट कमी भरलं. चार दिस नुसती जीभ वली केली."

या उन्हात! त्यात टँकरवरून हंडेही त्यांनीच वाहिलेले.

सुई टोचण्याआधी मी त्यांच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात ऑपरेशन करून जोडलेल्या शिरेवर, बोटं ठेवली. तिथं रक्ताची थरथर लागते. आज काहीच लागलं नाही. बीपीही खूप उतरलेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी पडून गुठळी झालीय.

मानेत नळी टाकून कसंबसं डायलिसिस झालं. आता शीर उघडायला मोठ्या दवाखान्यात पाठवलंय. उघडेलच असं नाही.

जाताना त्यांनी विचारलं, "सर, तुमी सांगितलं तसंच केलं की. मंग कावून असं झालं?"

मी त्यांच्या हातात फाईल दिली.

घरात डायलिसिसचा पेशंट असेल तर रोज फिस्टुलाच्या हातावर बोटं ठेवून बघा. थरथर थांबली तर लगेच दवाखाना गाठा. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

आणि मला सांगा, मी मावशींना काय उत्तर द्यायला हवं होतं?