फुलोऱ्यात आहे, नंतर या

बुधवारी सोसायटीने जेसीबी बोलावला आणि खाडीकाठची निर्गुडी काढून टाकली. बाई त्या दिवशी नाशिकला मुलीकडे होत्या.

भेस्तानच्या आमच्या सोसायटीत 'बाई' म्हटलं की त्याच. मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. मागच्या खाडीच्या चिखलात काहीच तग धरत नव्हतं, तेव्हा त्यांनी कामरेजच्या नदीकाठावरून निर्गुडीच्या फांद्या आणून खोचल्या. पुराचं पाणी उतरलं की पदर खोचून झुडपांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काढत बसायच्या. काही पावसाळ्यांत तिथे जांभळ्या तुऱ्यांची दाट रांग उभी राहिली. दुपारी मधमाश्यांचा आवाज माझ्या गॅलरीपर्यंत यायचा.

तुम्हीही पाहिलं असेल, निर्गुडी दिसली की लोकांना आधी आपले गुडघे आठवतात. पाला मागायला कोणी आलं की बाईंचं उत्तर ठरलेलं, "फुलोऱ्यात आहे, नंतर या."

"बाई, तुमची निर्गुडी बारा महिने फुलोऱ्यात?" तळमजल्यावरच्या वहिनींनी एकदा विचारलं.

"तुमचे गुडघे नाही का बारा महिने दुखत?"

आणि मग स्वतःच, घरटं नसलेली फांदी शोधून, ओंजळभर पाला काढून द्यायच्या.

सोसायटीचा सेक्रेटरी बाईंचाच जुना विद्यार्थी. बाईंनी उन्हातान्हात चिखलात उभं राहू नये, आरामात बसावं, म्हणून त्याने झुडपं काढून तिथे सिमेंटचा बाक केला. त्यावर बाईंचं नाव घातलं.

बाई परतल्या तेव्हा त्याने फाटकातच हार घातला आणि त्यांना मागे नेलं. बाई बाकाकडे पाहतच नव्हत्या. कुंपणाच्या भिंतीवर मुनिया पक्ष्यांची गवती घरटी ओळीने मांडून ठेवली होती.

"एकही मोडलं नाही, बाई," तो म्हणाला. "कामगारांना बजावलं होतं, जपून काढा."

"अंडी?"

"आतच आहेत."

बाईंनी गळ्यातला हार काढला, त्याच्या हातात दिला आणि जिना चढून गेल्या.

पुढे मी बाईंना एकदा म्हटलं, पुन्हा लावू या.

"कोणापासून राखायची?" त्या म्हणाल्या. "सगळी माझीच माणसं."

पावसाळा सरताना त्यांनी घर बंद केलं. थंडीत नाशिकलाच वारल्या.

बाक अजून आहे. झुडपं गेल्यापासून तिथून खाडीचं काळं पाणी सरळ दिसायचं, म्हणून सोसायटीने त्याचं तोंड पार्किंगकडे फिरवलं आहे.