पुरावा लागतो

बर्लिनमधल्या आमच्या वाचनालयात काउंटरवर बसणारे ते गृहस्थ मूळचे घानाचे. परत आलेलं प्रत्येक पुस्तक तळहाताने पुसायचे आणि काहीही बोलण्याआधी ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायचे. मी ऑनलाइन ज्ञानकोशात पश्चिम आफ्रिकेतल्या सिनेमांच्या नोंदी तपासतो हे कळल्यावर त्यांनी तिकडच्या एका जुन्या सिनेमाबद्दल विचारलं. त्या सिनेमाची नोंद मीच आदल्या आठवड्यात काढून टाकली होती, कुठे छापील परीक्षण सापडलं नाही म्हणून.

“नोंद नाही,” एवढंच मी म्हणालो.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला तो अख्खा सिनेमा सांगितला, गाण्यांसकट.

“आता लिहाल ना?”

“पुरावा लागतो.”

“गेनाऊ. मी पाहिलाय ना.”

नोंद मीच काढली, हे त्यांना अजून सांगता आलेलं नाही.